करंट मिळाला की नाही

आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा तिच्या खुर्चीत एक बाई डोळे मिटून बसल्या होत्या, आणि त्यांची एकच भुवई कोरून झाली होती.

आईचं ब्युटी पार्लर म्हणजे घराची पुढची खोली. वरखाली होणारी एक खुर्ची, भिंतभर आरसा, आणि कोपऱ्यात टॉवेलांचा ढीग. दोऱ्याचं एक टोक दातांत, बाकीचा दोन्ही हातांच्या बोटांत, आणि तोंड अडकलेलं असल्यामुळे नाकातून गप्पा, असा तिचा रोजचा थाट. त्या सकाळी दोरा अचानक सैल पडला आणि बाईंच्या नाकावर आला. बाईंना वाटलं, हिला फोन आला असेल. त्या तशाच थांबल्या. मग आई ‘गरम’ असं काहीतरी पुटपुटली आणि आरशाला टेकत टेकत खाली बसली. तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं.

अँब्युलन्स त्या बाईंनीच बोलावली, आईबरोबर आत बसल्याही त्याच. धाकटी धावतपळत हॉस्पिटलात पोचली तेव्हा आईची पर्स छातीशी धरून एक अनोळखी बाई बाकावर बसली होती. एक भुवई रेखीव, दुसरी रानटी. चेहऱ्याच्या अर्ध्या भागाला आश्चर्य वाटलंय आणि अर्ध्याला काही कळलेलंच नाही, असं दिसत होतं. धाकटीला खुदकन हसू आलं. मग त्या हसण्याची इतकी लाज वाटली की बाईंचे आभार मानायचेही राहून गेले.

धाकटी हे तिचं घरातलं नाव. तिशी उलटून गेली, डॉक्टरेट झाली, चष्म्याचा नंबर दोनदा वाढला, तरी ती धाकटीच राहिली. तिच्यावरचा दादा. त्याचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि जगातली कुठलीही वस्तू नीट शोधली तर मिळते यावर त्याचा विश्वास होता. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती.

आतल्या खोलीत डॉक्टरांनी आईच्या अंगावरची चादर बाजूला केली. उजवा हात कसा दिसेल हे धाकटीला आधीच माहीत होतं. कोपरात दुमडलेला, मनगट खाली पडलेलं, बोटं आत वळलेली. तस्साच होता. कारण असे हात ती रोज बघायची. नुसती बघायची नाही, ती ते करायची.

तिच्या लॅबमध्ये उंदीर होते. पांढरे, गुलाबी डोळ्यांचे. काचेच्या पेटीला एक उभी फट असायची, आणि फटीपलीकडे साखरेची गोळी. उंदरानं पुढचा पंजा फटीतून घालायचा, गोळी पकडायची, तोंडात टाकायची. हे शिकायला त्यांना बरेच दिवस लागत. एकदा हात बसला, की उंदराला भूल द्यायची, कवटीला बारीक भोक पाडायचं आणि मेंदूचा जो भाग तो पंजा हलवतो, तिथला रक्तपुरवठा तोडायचा. म्हणजे झटकाच द्यायचा. धाकटीचा हात स्थिर, म्हणून लॅबप्रमुख मॅडमनी ते काम तिच्यावर सोपवलं होतं. नंतर त्या जागेजवळ केसासारखी बारीक तार बसवायची, आणि उंदीर पुन्हा गोळी पकडायचा सराव करत असताना त्या तारेतून थोडासा करंट सोडायचा. मेंदूचा उरलेला भाग करंटमुळे लवकर शिकतो का, हा प्रश्न होता. तुलना करायची म्हणून निम्म्या उंदरांना नुसती तार असे, करंट नाही. कुणाला आहे आणि कुणाला नाही, हे फक्त करंटची पेटी सांभाळणाऱ्या इंजिनिअरला माहीत. बघणाऱ्याचं मन वाकडं जाऊ नये म्हणून धाकटीला ते कळू द्यायचं नाही, असा नियम होता.

आईला घरी आणल्यावर धाकटी कामावर गेली, टेबलाशी बसली आणि भूल दिलेल्या उंदराकडे बघत राहिली. भोक पाडायचं यंत्र हातात होतं. ते चालू करायचं बटण कुठल्या बाजूला आहे हेच तिला आठवेना.

“मॅडम, हे काम दुसऱ्या कुणाला देता का?” तिनं विचारलं.

मॅडम जुन्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी तिच्या हातातलं यंत्र काढून घेतलं. “व्हिडिओ बघत जा काही दिवस. गोळ्या मोज.”

घरी आईची जीभ आधी बरी झाली. याचं कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. ‘स’ला ती जरा घसरायची, पण तेवढ्यावरूनही स्वतःचीच थट्टा करून घ्यायची. हात मात्र ढिम्म. व्यायाम घेणारी मुलगी रोज यायची, बोटं उघडायची, मिटायची. ती गेली की आई तो हात डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवायची, शेजारणीचं मूल सांभाळायला घेतल्यासारखा.

एकदा ती म्हणाली, “तू उंदरांचे हात बरे करतेस ना गं?”

“बरे होतात का ते बघतो, आई.”

“मग माझा काय उंदराहून वाईट आहे?”

“तसं नसतं. उंदीर वेगळा, माणूस वेगळा.”

“ते मला माहितीय. उंदराला भुवया नसतात. नाहीतर त्यालाही गिऱ्हाईक केलं असतं.” आणि हसता हसता तिनं तोंड पलीकडे फिरवलं.

लॅबमध्ये उंदरांना नंबर असत. पण पिंजरे साफ करणारे काका सगळ्यांना नावं ठेवत, दोन्ही अर्थांनी. एक होता सुस्त. एक होता लबाड. लबाड झटक्याआधीही हुशार होता आणि झटक्यानंतर सगळ्यांच्या पुढे गेला. पहिले काही दिवस त्याचा पंजा फटीला नुसता धडकायचा. मग एक गोळी मिळाली. मग दोन. बघता बघता तो झटक्याआधीइतक्याच गोळ्या मटकावू लागला. सुस्तला मात्र मुश्किलीनं एखादी मिळायची.

लबाडला करंट मिळतोय, याबद्दल धाकटीला शंका उरली नाही. अंदाज बांधायचा नाही हा नियम ती स्वतः नव्या लोकांना शिकवायची. पण संध्याकाळी घरी जाताना तिच्या डोळ्यांसमोर लबाडचा पंजा यायचा, आणि त्याच्या जागी आईचा.

त्याच सुमारास आईच्या डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली. हॉस्पिटलात माणसांवर असाच एक प्रयोग चालू होता. कवटी उघडायची नाही, डोक्यावर ओल्या स्पंजच्या पट्ट्या बांधायच्या, सौम्य करंट सोडायचा आणि त्या वेळी हाताचा व्यायाम करून घ्यायचा. निम्म्यांना खरा करंट, निम्म्यांना नुसत्या पट्ट्या. कुणाला काय, ते पेशंटला कळणार नाही, आणि व्यायाम घेणाऱ्यालाही नाही. धोका फारसा नाही. फायदा होईलच असंही नाही.

बाहेर व्हरांड्यात दादानं धाकटीला गाठलं. “तू यातली आहेस. सांग. चालतं का नाही?”

“दादा, ते असं हो-नाहीत सांगता येत नाही.”

“आमच्याकडे गिऱ्हाईक विचारतं, हा पार्ट या गाडीला बसेल का. मी काय म्हणतो? हो किंवा नाही. असं होऊ शकेल, तसंही होऊ शकेल, म्हटलं तर दुकान बंद करावं लागेल.”

धाकटी दमली होती. “चालतं,” ती म्हणाली. “म्हणजे, आमच्या एका उंदराला चालताना दिसतंय.”

दादानं पहिलाच शब्द ऐकला. आत जाऊन त्यानं आईला सांगितलं, “धाकटी म्हणते, चालतं.” आईनं धाकटीकडे पाहिलं. धाकटीनं तोंड उघडलं, पण त्या क्षणी आईच्या चेहऱ्याच्या दोन्ही बाजू पहिल्यांदाच सारख्या उजळल्या होत्या.

आईचं हॉस्पिटलात जाणं सुरू झालं. डोक्यावर पट्ट्या बांधून ती लाकडी ठोकळे एका डब्यातून दुसऱ्या डब्यात टाकायची. “मुंग्या येतात गं डोक्याला,” ती घरी येऊन सांगायची. “म्हणजे मला खराच मिळतोय.” मुंग्या सुरुवातीला सगळ्यांनाच येतात, नकली पट्ट्यांतही क्षणभर करंट सोडून मग बंद करतात, हे धाकटीला ठाऊक होतं. तिनं ते सांगितलं नाही. सांगावं तर आईचा हिरमोड, न सांगावं तर आपण तिला फसवतोय. रोज ती ठरवायची एक आणि करायची दुसरंच.

आणि मग आईनं कप उचलला. उजव्या हातानं. थोडा चहा सांडला, पण कप ओठांपर्यंत गेला. दादानं दुकानातल्या पोरांना मिठाई वाटली. अर्ध्या भुवईच्या बाई भेटायला आल्या होत्या, त्यांना आईनं तीनदा कप उचलून दाखवला. “करंट!” ती म्हणाली. “आमच्या धाकटीची विद्या.”

धाकटीनंही टाळ्या वाजवल्या. पण काहीतरी खटकत होतं, आणि काय ते तिला समजेना.

ते समजलं लॅबमध्ये. मॅडमनी लबाडचा व्हिडिओ संथ करून लावला.

“गोळ्या विसर,” त्या म्हणाल्या. “हात बघ.”

धाकटीनं पाहिलं. झटक्याआधीच्या व्हिडिओत लबाडचा पंजा फटीतून जायचा, बोटं उघडायची, मनगट वळायचं, गोळी अलगद मुठीत यायची. आताच्या व्हिडिओत यातलं काही नव्हतं. तो अख्खं अंग पिळून खांदा पुढे फेकायचा, मिटलेल्या पंजानं गोळी खरवडून ओढायचा आणि तोंडच फटीला लावायचा. गोळ्या तितक्याच. पण हात बरा झाला नव्हता. लबाडनं हाताशिवाय भागवायची युक्ती शोधली होती.

“मग हा सुधारला म्हणायचा की नाही?” धाकटीनं विचारलं.

“तू काय म्हणशील?”

“पोट तर भरतंय.”

“भरतंय,” मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी सुस्तचा व्हिडिओ लावला. सुस्तला गोळ्या मिळत नव्हत्या. पण संथ पाहिलं तर त्याची बोटं फटीपलीकडे उघडत होती. मनगट थोडंसं वळत होतं. गोळी निसटायची, पण हालचाल जुनी होती, स्वतःची.

त्या दिवशी घरी धाकटी आईला चहा पिताना बघत बसली. मनगट हललं नाही. आईनं खांदा उचलला, कमरेतून वाकली आणि मान खाली नेऊन कपाला गाठलं.

“काय बघतेस एवढं?” आईनं विचारलं.

“काही नाही.”

“जावई बघायला आल्यासारखी बघतेयस.”

सगळ्या उंदरांचे व्हिडिओ मोजून झाल्यावर इंजिनिअरनं कुणाला करंट होता ते जाहीर केलं. लबाडला नुसती तार होती. त्याला करंट कधीच मिळाला नव्हता. सुस्तला मिळाला होता. धाकटीला क्षणभर वाटलं, लागला अर्थ! पण पुढची नावं आली. करंट मिळालेले दोन उंदीर ढिम्म होते, आणि एकाला करंट नसतानाही त्याची बोटं छान उघडत होती. सगळ्यांची सरासरी काढली तर करंटवाले जरासे बरे होते. इतके जरासे, की एखादा उंदीर बाजूला काढला तर फरक पुसला जावा.

“आशादायक आहे असं लिहिता येईल,” इंजिनिअर म्हणाला.

“आहे का?” धाकटीनं मॅडमना विचारलं.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “आयुष्य यात गेलं माझं. कधी वाटतं, आहे. कधी वाटतं, आपण सावलीला चिमटीत धरतोय. आणखी उंदीर लागतील.”

घरी आल्यावर धाकटीनं आईसमोर बसकण मारली. आज सांगायचंच, असं ठरवून आली होती.

“आई, मी दादाला म्हटलं होतं ना, आमच्या एका उंदराला, त्या लबाडला, चालतंय म्हणून…”

“लबाड! त्याचं काय? झाला का पूर्ण बरा?”

“त्याच्या गोळ्या पूर्ण झाल्या.”

“बघ! आणि आता काय करता त्याचं? सोडून देता?”

या प्रश्नाची धाकटीनं तयारी केली नव्हती. ती खोटं बोलू शकली असती. “नाही,” ती म्हणाली. “उद्या सगळ्यांना भूल देऊन संपवायचं. मेंदूत काय बदललं ते बघावं लागतं. त्याशिवाय कळत नाही.”

आईनं आरशात आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं.

“मग मी जरा हळूहळूच बरी होते बाई,” ती म्हणाली.

दोघी हसल्या. आधी आई, मग धाकटी, आणि हसता हसता धाकटी इतकी रडली की आईला तिची पाठ थोपटावी लागली. आई थोपटत होती उजव्या हातानं. हात जड पडत होता, धपाधप. त्या गडबडीत करंटचं सांगायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, नको असेल तर आज येऊ नकोस. धाकटी गेली. लबाडला तिनंच हातात घेतलं, कारण तो दुसऱ्या कुणाला चावायचा. त्यानं तिच्या मनगटावर पंजा टेकवला, मिटलेलाच. तिनं सुई दिली. तो जड होईपर्यंत त्याला धरून ठेवलं. आपल्याला काय वाटतंय हे ती शोधत होती. दुःख? होतं. अपराध? होता. पण यातूनच उद्या कुणाची तरी बोटं उघडतील, असंही वाटत होतं, आणि हे वाटणं खरं की स्वतःची समजूत, ते काही केल्या कळेना. काकांनी मोकळा पिंजरा नेला. ते नेहमी शिट्टी वाजवत, आज वाजवली नाही.

आईच्या उपचाराचा शेवटचा दिवस आला. पट्ट्या सोडल्यावर तिथल्या व्यायाम घेणाऱ्या मुलीनं आईच्या कपाळावरचं पाणी टिपलं आणि म्हणाली, “एक प्रश्न सगळ्यांना विचारायचा असतो. तुम्हाला काय वाटतं, तुम्हाला खरा करंट मिळाला की नाही? बरोबर-चूक काही नाही. मलाही माहीत नाही.”

दारात उभ्या असलेल्या धाकटीला उत्तर पाठ होतं. गल्लीतल्या सगळ्यांना ते पाठ होतं.

आई म्हणाली, “नाही मिळाला.”

धाकटीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

रस्त्यावर आल्यावर तिनं विचारलं, “आई, तू सगळ्यांना सांगत सुटलीयस करंट, करंट. आणि आत नाही म्हणालीस?”

“मग काय खोटं बोलू? ती पोरगी एवढ्या मनापासून विचारत होती.”

“म्हणजे आम्हाला खोटं सांगत होतीस?”

“खोटं कुठलं? तू म्हणालीस चालतं. दादानं मिठाई वाटली. मी जर म्हटलं असतं, मला काहीच वाटत नाही, तर तू जेवली असतीस का?” आई थांबली, दम घेतला. “मुंग्या फक्त सुरुवातीला यायच्या. नंतर काही नाही. मी आपली ठोकळे टाकायची.”

इतके दिवस धाकटी आईपासून काहीतरी लपवत होती, आणि आई तिच्यापासून तेच. “मी दादाला तसं म्हणायला नको होतं,” ती म्हणाली. “मला माहीत नव्हतं, आई. मला अजूनही माहीत नाही. लबाडला करंट नव्हताच.”

“नव्हता?”

“नव्हता. नुसती तार.”

आईनं यावर विचार केला. “तरी खायचा गोळ्या?”

“खांदा मारून. वाकडा होऊन. तू चहा पितेस ना, तसा.”

बोलून गेल्यावर धाकटीनं जीभ चावली. पण आई रागावली नाही. तिनं फूटपाथवरच उभं राहून उजवा हात वर नेऊन पाहिला. खांदा उचलला गेला. तिनं पुन्हा करून पाहिलं, या वेळी खांदा दाबून धरून. हात पोटापर्यंत आला आणि थांबला. मागून येणारी माणसं वळसा घालून जात होती.

“खरंच की,” ती म्हणाली. “मला वाटायचं, हातच जातोय.” मग तिनं धाकटीकडे जरा संशयानं पाहिलं. “पण कधी कधी वाटायचं हं, मिळतोय म्हणून. मंगळवारी. मंगळवारी बोटांत काहीतरी व्हायचं.”

“काय व्हायचं?”

“आता ते कसं सांगू? दुसऱ्या खोलीत कुणीतरी उठल्यासारखं.”

“मग तू आत नाही का म्हणालीस?”

“कारण आज मंगळवार नाही.”

हा विनोद होता की नव्हता, हे आईच्या चेहऱ्यावरून समजेना. खरं काय ते हॉस्पिटलवाले सगळ्या पेशंटांचं झाल्यावरच सांगणार होते, म्हणजे दोन-तीन वर्षं तरी जाणार. दादा तोवर करंट म्हणत राहील, मॅडमच्या लॅबमध्ये नव्या उंदरांची तुकडी कधीच येऊन पडली होती, आणि त्यांना झटका कोण देणार हे अजून ठरायचं होतं. मॅडमनी विचारलं होतं. धाकटीनं बघते म्हटलं होतं.

“चल,” आई म्हणाली. “बस कुठल्या बाजूला येते?”

“पलीकडे.”

“अलीकडे येते. मी रोज येते इथं, तू नाही.”

पलीकडे एक बस आली, आणि अलीकडेही एक आली. दोन्हींवरचे नंबर उन्हामुळे दिसत नव्हते. आईनं धाकटीचा दंड पकडला आणि ती अलीकडच्या बसकडे चालू लागली.